पँगाँगचं ‘फोटो वर्कशॉप’: आगाऊ पैसे भरण्याआधी हे तपासा

लडाखमधल्या पँगाँग त्सो या तलावाच्या काठी ‘लँडस्केप आणि ॲस्ट्रो (म्हणजे रात्रीच्या आकाशाचे फोटो) वर्कशॉप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सहली शुद्ध फसवणूक असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून गेलेला एक गट असाच अडकला. तो प्रकार इथे सविस्तर मांडतो आहोत, कारण थोडी माहिती असेल तर ही लबाडी जाहिरातीतच पकडता येते.

कबूल केलं होतं ते असं: तलावाकाठी दोन रात्री, पाण्यावर उतरलेल्या आकाशगंगेचे फोटो, ड्रोन शॉट आणि एका गाडीत फक्त तीन फोटोग्राफर. निम्मे पैसे आगाऊ, तेही कंपनीच्या खात्यात नाही, एका माणसाच्या यूपीआयवर. लेहला उतरल्यावर समोर आली टेम्पो ट्रॅव्हलर, तीही इतर पर्यटकांनी भरलेली. ‘वाटेतली चांग ला खिंड बंद आहे’ म्हणून एक रात्र कापली. परताव्याचं नाव काढताच आयोजकाने फोन उचलणं बंद केलं.

आता तारीख बघा. ॲस्ट्रोची रात्र ठेवली होती ९ ऑगस्टला, म्हणजे रक्षाबंधनाला, ऐन पौर्णिमेला! अंधाऱ्या रात्री १४ एमएमची वाइड लेन्स, एफ २.८ ॲपर्चर, २० सेकंदांचं एक्स्पोजर आणि आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० एवढ्यावर आकाशगंगा छान उमटते. पौर्णिमेला हेच सेटिंग लावलं तर आकाश धुतल्यासारखं पांढुरकं येतं आणि आकाशगंगा पार हरवते. जोडसुट्टी बघून गिऱ्हाईक गोळा करणाऱ्याला याचं सोयरसुतक नसतं. घरातलं कॅलेंडर उघडा, तारीख अमावास्येच्या आगेमागे तीन-चार दिवसांत बसत नसेल तर ‘ॲस्ट्रो’ या शब्दासाठी एक रुपयाही देऊ नका.

दुसरी खूण दिशेची, आणि इथे भलेभले फसतात. बहुतेक कॅम्प स्पांगमिक गावाच्या बाजूला, म्हणजे तलावाच्या नैर्ऋत्य काठावर आहेत. पाठीशी पँगाँग पर्वतरांग, समोर पाणी. आकाशगंगेचा तेजस्वी गाभा आग्नेयेला उगवतो आणि दक्षिणेकडे सरकतो. मे महिन्यात रात्री अकरानंतर तो आग्नेयेला, तलाव ज्या दिशेने लांबत जातो तिकडे, असतो. ऑगस्टमध्ये मात्र अंधार पडेपर्यंतच तो दक्षिणेला पोचलेला असतो, म्हणजे पाण्यावर नाही, कॅम्पमागच्या डोंगरावर. त्यामुळे ऑगस्टच्या सहलीत ‘स्पांगमिकहून तलावावरची आकाशगंगा’ कबूल करणाऱ्याला एक तर ही जागा माहीत नाही, किंवा तो खोटं बोलतोय.

जाहिरातीतले फोटोही बारकाईने बघा. पँगाँगला दिसतात ते पट्टकादंब, चक्रवाक आणि कुरव. फोटोत रोहित पक्ष्यांचे थवे असतील तर तो फोटो दुसरीकडचा. गूगल लेन्सवर टाकला की मूळ जागा बहुधा सापडते. मार्गदर्शकाकडे त्याच फोटोची रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मागा, व्हिडिओ कॉलवर उघडून दाखवायला सांगा. ज्याने स्वतः फोटो काढलाय त्याला यात दोन मिनिटंही लागत नाहीत. ड्रोनचं तर नावच नको. चीनलगतची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा जवळ आहे, परवानगीशिवाय उडवला तर गोत्यात तुम्ही याल, आयोजक नाही.

वेळेची लूट सगळ्यात सर्रास चालते. लेहहून सकाळी आठला निघालेली गाडी चांग लामार्गे पोचते दुपारी एक-दोनला. तेव्हा ऊन कडक असतं, वारा सुटलेला असतो, प्रतिबिंब मिळत नाही. काठावर सावली लवकर येते आणि शेवटचा उजेड समोरच्या डोंगरांवर राहतो, तोच खरा फोटो. पण त्या वेळी ड्रायव्हर ‘ड्यूटी संपली’ म्हणतो, आणि ‘लेक व्ह्यू’ कॅम्पपासून पाणी ट्रायपॉडसकट चालत जायला लांब असतं. संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत आणि पहाटे साडेचार ते आठ गाडी हाताशी राहील, हे लेखी घ्या. कॅम्पमध्ये वीज किती तास असते तेही विचारा, थंडीत बॅटऱ्या झपाट्याने उतरतात.

एका बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तलाव त्याहून सातशे-आठशे मीटर वर. हॉटेलचे पैसे वाचवायला हे लोक लेहची विश्रांती कापतात आणि विमानातून उतरलेल्यांना दुसऱ्याच दिवशी वर नेतात. विरळ हवेचा त्रास जिवावर बेतू शकतो. लेहमध्ये किमान दोन पूर्ण रात्री नसलेला कार्यक्रम सरळ नाकारा.

पैसे देताना जीएसटी क्रमांक मागून पोर्टलवर तपासा, लडाख पर्यटन विभागाकडची नोंदणी विचारा. खिंड बंद असल्याचं कुणी सांगितलं तर लेह पोलिसांकडे खात्री करा. फसगत झालीच तर ऑनलाइन दिलेल्या पैशांसाठी लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पुरावा लागतो, आणि इन्स्टाग्राम स्टोरी २४ तासांत नाहीशी होते, म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट बुकिंगच्या दिवशीच काढून ठेवा.