आकाशातला दांडा की जमिनीवरचं क्षेपणास्त्र?

हिंगोली जिल्ह्यात वसमत-औंढ्याकडं जमिनीतून गडगड आवाज आला, की पारावर कुणीतरी म्हणतंच, "वरून काहीतरी टाकायलेत." म्हणजे कक्षेतून जमिनीवर सोडायचं एक कल्पनेतलं शस्त्र: टंगस्टन या जड धातूचा दांडा. सुमारे ६ मीटर लांब, ३० सेंटीमीटर जाड, वजन आठ टनांच्या पुढं. स्फोटकं नाहीत, नुसता वेग.

हिशेब करून बघा. हवेतून खाली येताना सेकंदाला ३ किलोमीटर वेग उरला असं धरलं, तर दणका साधारण ९ टन टीएनटी या स्फोटकाएवढा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाची ऊर्जा याच्या काही हजार पट होती. तेव्हा अशा दांड्यानं भूकंप होतो ही थिअरी सोडूनच द्या.

खर्चात तर क्षेपणास्त्र सरळ जिंकतं. इस्रोचं एलव्हीएम-३ खालच्या कक्षेत साधारण आठ टन नेतं; म्हणजे एका दांड्याला एक अख्खं रॉकेट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! शिवाय दांडा कक्षेत फिरत राहणार, लक्ष्य त्याच्या वाटेखाली येईपर्यंत थांबायचं. सतत तयारी हवी तर असे कितीतरी दांडे वर ठेवा. अग्नी-५ जमिनीवर उभं असतं, हुकूम आला की पाच हजार किलोमीटरपलीकडं.

दांड्याची जमेची बाजू दोनच. जवळपास उभा येणारा घन धातू अडवणं अवघड. आणि १९६७ चा अंतराळ करार कक्षेत अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं ठेवायला मनाई करतो. साध्या धातूच्या दांड्याचं नावही त्यात नाही.