सिटी, एमआरआय की पेट? मेंदूची तपासणी ठरवताना

सांगली-मिरजेत कुणाला चक्कर आली, हात बधिर झाला, की पाहुण्यांचा सल्ला ठरलेला: “एमआरआयच काढा, एकदाच काय ते कळू दे.” मला तो पटत नाही. डॉक्टरांना काय शोधायचंय, त्यावर मशीन ठरतं.

अचानक तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, एका बाजूची ताकद गेली, म्हणजे पक्षाघाताची शंका आली, तर बहुतेक ठिकाणी आधी सिटी, म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेली मेंदूची चित्रं. काही मिनिटांत होतो आणि मेंदूतला ताजा रक्तस्राव लगेच दाखवतो. मेंदूची रक्तवाहिनी अडवणारी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का, हे त्यावर ठरतं. रक्तस्राव असताना दिलं तर जिवावर बेतेल. ते त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जतहून मिरजेला पोचेपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. म्हणून गावात सलाइन लावून वाट बघत बसू नका. आणखी एक: रक्त अडून झालेली इजा पहिल्या तासांत सिटीत बहुधा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. तीच इजा एमआरआयच्या डिफ्युजन (पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या) चित्रांत फार लवकर उमटते.

फिट, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब करणारा आजार), लहान गाठ यांसाठी एमआरआयच सरस. तो चुंबकाच्या मदतीने चित्रं घेतो, त्यात क्ष-किरण नाहीत. पण अर्धा-पाऊण तास ठणठणाटात निश्चल पडावं लागतं. फिट औषधांनी थांबत नसतील तर शक्यतो 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीन बघा आणि चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ (फिटसाठी खास ठरवलेली चित्रं) लिहून घ्या. हिप्पोकॅम्पसमधला (आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागातला) बारीक व्रण साध्या तपासणीत निसटू शकतो. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड न्या. कुपवाड एमआयडीसीत लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलेल्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तेही आधीच सांगा. चुंबकाने तो हलून डोळ्याला इजा होऊ शकते.

पेट स्कॅन महाग, आणि बहुतेकांना लागत नाही. मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय हे तो दाखवतो, म्हणून अल्झायमर की दुसरा स्मृतिभ्रंश, असा पेच उरला तर उपयोगी. त्यासाठीचं किरणोत्सारी औषध 110 मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे दिलेली वेळ चुकवून चालत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी.

माझ्या मामांना विसरायला होऊ लागलं तेव्हा आम्हीही थेट पेटची चौकशी करत होतो. डॉक्टरांनी आधी बी-12, थायरॉइड आणि साधा सिटी सांगितला. कवटीच्या आत जुनं रक्त साकळलेलं निघालं. दोन महिन्यांपूर्वी ते न्हाणीत घसरले होते, ते आम्ही विसरूनही गेलो होतो. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत ते नातवंडांना पुन्हा नावाने हाका मारू लागले.

पार्किन्सनमध्ये तर साधा एमआरआय पुष्कळदा नॉर्मलच येतो. तिथे निदान हाताची थरथर, चाल आणि अंगाचा ताठरपणा तपासून होतं. शंका उरली तर ट्रोडॅट स्कॅन (मेंदूतली डोपामाइनची यंत्रणा दाखवणारा) सांगतात, आणि तो सगळीकडे होत नाही.