गालांतले आणि डोळ्यांखालचे फिलर : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

अकरा महिन्यांपूर्वी मी चेहऱ्यावर डर्मल फिलरचे, म्हणजे बसलेली जागा भरून काढण्यासाठी त्वचेखाली जेल टोचण्याचे, उपचार घ्यायला सुरुवात केली. गालांच्या बाबतीत मी समाधानी आहे, डोळ्यांखालच्या बाबतीत नाही. चेहरा एकच, डॉक्टर त्याच आणि पदार्थही मुळात तोच असताना दोन जागी दोन वेगळे निकाल का लागले, हे उमगायला मला बराच काळ लागला आणि ते उमगल्यावरच हे लिहायला बसले आहे. निर्णय घेण्यापूर्वी मी इतरांचे पुष्कळ अनुभव वाचले होते, पण त्यांतले बहुतेक उपचारानंतर आठवड्याभरात लिहिलेले होते. आठवड्याभरात आरशात जे दिसते त्यात सुजेचा वाटा किती आणि जेलचा किती, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

माझे वय ४७. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात वजन बरेच उतरले; पुढे प्रकृती सुधारली, वजनही थोडे भरून आले, पण गाल बसले ते बसलेच. डोळ्यांखाली खाचा पडल्या आणि नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या घड्या खोल झाल्या. मला तरुण दिसायचे नव्हते. पूर्ण झोप घेऊन उठल्यावरही मोठी बहीण फोनच्या पडद्यावर मला बघून दर वेळी विचारायची, "झोप होत नाही का गं तुझी?" हा प्रश्न मला थांबवायचा होता.

पहिल्या भेटीत मी त्या घड्यांकडेच बोट दाखवले होते. डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला, खोलीतला छताचा दिवा लावला आणि चेहरा पाहायला सांगितले. मग तो बंद करून समोरून दिवा धरला. माझ्या घड्या निम्म्याहून अधिक नाहीशा झाल्या. मी जिला सुरकुती समजत होते ती बरीचशी सावली होती, आणि सावली पडत होती ती वरचा गाल रिता झाल्यामुळे. वयाबरोबर आणि वजन उतरल्यावर चेहऱ्यातले चरबीचे कप्पे विरळ होतात, खालचे हाडही हळूहळू झिजते, आणि आधार गेलेली त्वचा खाली घसरून घडीपाशी साचते. म्हणून घडीतच जेल भरत बसण्याऐवजी गालाच्या उंचवट्याला, हाडालगत खोलवर आधार द्यावा, असे त्यांचे म्हणणे पडले. बोटुलिनमच्या इंजेक्शनशी या उपचाराची लोक नेहमी गल्लत करतात. त्या इंजेक्शनाने स्नायू सैल पडतो, त्यामुळे कपाळावरच्या हालचालीने पडणाऱ्या आठ्यांवर ते उपयोगी पडते. फिलर फक्त रिकामी जागा भरते.

पदार्थ निवडताना मी एका गोष्टीवर ठाम होते : जे टोचले जाईल ते गरज पडल्यास विरघळवता आले पाहिजे. म्हणून हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे जेल निवडले. हायलुरॉनिक अ‍ॅसिड ही आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असणारी, पाणी धरून ठेवणारी शर्करेच्या रेणूंची लांब साखळी आहे. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून ती प्रथम वेगळी केली. शरीरातले नैसर्गिक हायलुरॉनिक अ‍ॅसिड एक-दोन दिवसांत मोडून नवे बनत राहते. ते तसेच टोचले तर टिकणार नाही, म्हणून फिलरमध्ये त्याच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींत गुंफलेल्या असतात. दुवे कसे आणि किती, यावर जेल घट्ट की मऊ हे बऱ्याच अंशी ठरते. त्याआधी गाईच्या कातडीपासून काढलेले कोलॅजेन वापरत. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली होती. अ‍ॅलर्जीच्या भीतीने आधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे आणि परिणाम काही महिन्यांतच ओसरे. हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरला तेथे २००३ च्या अखेरीस मान्यता मिळाली. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअ‍ॅपेटाइट आणि पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड यांचीही फिलर आहेत, आणि ती काही बाबतींत अधिक टिकाऊ मानली जातात, पण हायलुरॉनिक अ‍ॅसिड विरघळवणारे हायलुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्यावर चालत नाही. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

उपचाराआधीची विचारपूस मला वाटली होती त्यापेक्षा लांबली, आणि आज मला तीच सर्वांत मोलाची वाटते. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, ओठांवर नागीण उठते का, दातांचे काही काम नुकतेच झाले आहे किंवा लवकरच व्हायचे आहे का, पूर्वी चेहऱ्यात काही टोचून घेतले आहे का, गर्भारपण किंवा स्तनपान चालू आहे का, असे एकामागून एक प्रश्न आले. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर कधी अंगभर सूज आली होती का, हा प्रश्न ऐकून मी चक्रावले. त्या कीटकांच्या विषातही हायलुरोनिडेज असते, त्यामुळे तशी तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांना विरघळवण्याचे इंजेक्शन धोक्याचे ठरू शकते. उपचार सुरू होण्याआधीच तो उलटवण्याची तयारी पाहिली जात आहे, हे तेव्हा लक्षात आले आणि माझा विश्वास बसला.

पहिल्या बैठकीत दोन्ही गालांत मिळून १ मिलिलिटर जेल गेले. सीलबंद सिरिंज माझ्यासमोर उघडली आणि तिच्यावरची बॅच क्रमांकाची चिकटपट्टी माझ्या कागदावर लावून दिली. १ मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. मुखवटा चढवल्यासारखे दिसेल ही माझी भीती हा हिशोब ऐकून बरीच ओसरली. गालाच्या कडेला सुईने एक छिद्र पाडून त्यातून कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक पोकळ नळी, आत सरकवली. जेलमध्येच लिडोकेन हे बधिर करणारे औषध होते, त्यामुळे दुखले थोडेच. पण कॅन्युला पुढे सरकताना आतून कानाशी आल्यासारखा कुरकुर आवाज जाणवतो, तो अंगावर काटा आणतो. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. थोडे जेल सोडले की डॉक्टर थांबत, गाल बोटाने दाबून सोडत आणि पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी होते का ते पाहत. दाबायचे, सोडायचे, पाहायचे. मग पुढचा थेंब. बोलणे त्या वेळी पूर्ण बंद असे.

पहिले तीन दिवस सूज वाढत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा गाल डाव्याहून स्पष्ट मोठा होता आणि आपण चूक केली असे मला मनापासून वाटले. चौथ्या दिवसापासून ती उतरू लागली, एक काळानिळा डाग नऊ-दहा दिवस टिकला, आणि दोन आठवड्यांनी दोन्ही बाजू सारख्या झाल्या. सहा आठवड्यांनी आणखी १ मिलिलिटर भरले. दोन्ही वेळचे फोटो त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, चेहरा सरळ ठेवून काढले होते म्हणून तुलना करता आली. प्रकाश बदलला की फिलर असल्या-नसल्याचा आभास सहज होतो, हे मी छताच्या दिव्याखाली शिकलेच होते. मला हवा होता तो बदल या दुसऱ्या बैठकीनंतर आला. घड्या पूर्ण गेल्या नाहीत, पण त्यांच्यावरची सावली गेली. बहिणीने प्रश्न विचारणे बंद केले, आणि का बंद केले हे तिला अजून ठाऊक नाही.

इथे थांबले असते तर हा अनुभव फार छोटा झाला असता. गाल भरल्यावर डोळ्यांखालच्या खाचा अधिक नजरेत येऊ लागल्या, निदान माझ्या तरी, आणि त्या भरून द्याव्यात असा आग्रह मी धरला. डॉक्टरांनी सांगितले की माझ्या खालच्या पापणीला सकाळी किंचित फुगीरपणा असतो आणि अशा ठिकाणी फिलर पाणी ओढून तो वाढवू शकते. मी ते ऐकले, समजलेही, पण गालांच्या यशाने माझा निर्णय आधीच झाला होता. पापणीची त्वचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची, शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी. गालात जेलवर चरबीचा आणि स्नायूचा जाड थर असतो, इथे तो जवळजवळ नसतो. अमेरिकेत गालांसाठी हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरला २०१३ मध्ये मान्यता मिळाली आणि डोळ्यांखालच्या खाचेसाठी २०२२ मध्ये, हे मी नंतर वाचले. आधी वाचले असते तर कदाचित आग्रह थोडा सैल झाला असता.

तिसऱ्या महिन्यात दोन्ही डोळ्यांखाली अगदी थोडे, मऊ जातीचे जेल भरले. दोन महिने चेहरा खरोखर सुरेख दिसला. पाचव्या महिन्यात मला जोराची सर्दी झाली आणि एका सकाळी डावी खालची पापणी फुगलेली दिसली. सर्दी गेली, फुगवटा दुपारपर्यंत उतरायचा आणि सकाळी पुन्हा हजर व्हायचा. खिडकीच्या बाजूच्या उजेडात नीट पाहिले तर नाकाजवळच्या कोपऱ्यापासून सुरू होणारी बोटाच्या पेराएवढी फिकट निळसर पट्टी दिसे. दाबल्यावर मऊ लागे, दुखत मुळीच नसे. जेल त्वचेच्या फार जवळ असले की प्रकाशाचा निळा भाग त्यातून अधिक विखुरतो आणि जागा निळसर दिसते, याला टिंडल परिणाम म्हणतात. पावडरचा थर चढवून ती पट्टी झाकत महिनाभर काढल्यावर मी विरघळवून घेण्याचे ठरवले.

हायलुरोनिडेजचे इंजेक्शन फिलरपेक्षा जास्त झोंबले. आधी हातावर थोडे टोचून अ‍ॅलर्जीची खात्री करून घेतली होती. संध्याकाळपर्यंत पापणी सुजली, दुसऱ्या दिवशी सूज ओसरली आणि पट्टी नाहीशी झाली होती. तिच्याबरोबर भरावही गेला. मूळ खाच परत आली तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते, पण आपला ओळखीचा डोळा परत मिळाल्याचा दिलासाच मोठा होता. हे विकर शरीरातले स्वतःचे हायलुरॉनिक अ‍ॅसिडही थोडे मोडते, मात्र ते शरीर पुन्हा तयार करते.

माझी अडचण दिसण्यापुरती होती. खरा धोका वेगळा आहे आणि तो क्वचित येत असला तरी प्रत्येकाने घरून निघण्याआधी समजून घ्यावा असे मला कळकळीने वाटते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा एकदम पांढरी पडणे, तिच्यावर जाळीसारखे जांभळट डाग उमटणे, प्रमाणाबाहेर दुखणे ही लक्षणे दिसली तर सकाळपर्यंत वाट पाहायची नसते, कारण वेळेत हायलुरोनिडेज न मिळाल्यास तिथली त्वचा मरू शकते. नाक आणि भुवयांमधली जागा विशेष जोखमीची, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात आणि जेल त्या वाटेने गेल्यास दृष्टी जाऊ शकते. दिसण्यात काहीही फरक पडला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागते. गाल दाबून सोडण्याचा अर्थ मला हे वाचल्यावर पूर्ण कळला. म्हणून उपचार कोठेही घेतला तरी हायलुरोनिडेज आत्ता या खोलीत आहे का आणि ते देण्याचा अनुभव कोणाला आहे, हे विचारायला संकोच करू नये. सुईशिवाय दाबाने जेल आत ढकलणारी पेनेही घरी वापरण्यासाठी विकली जातात. ती वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिला आहे, आणि एवढ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जागी स्वतःच्या हाताने असा प्रयोग करण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

टिकाऊपणाविषयी सांगायचे तर सहा ते अठरा महिने असा अंदाज मला दिला होता. गालांत अकरा महिन्यांनी माझ्या नजरेने दोन तृतीयांश भराव शिल्लक आहे. घड्यांवरची सावली किंचित परतू लागली आहे. दिसणे ओसरले म्हणजे जेल संपले असे नसते. एमआरआय तपासण्यांत काही जणांच्या चेहऱ्यात ते कित्येक वर्षांनीही आढळले आहे. त्यामुळे वर्ष झाले म्हणून ठरलेल्या मापाने पुन्हा भरायला मी तयार नाही. आधी जुन्या फोटोंशी ताडून पाहणार आणि गरज असेल तेवढेच घेणार, आणि डॉक्टरांनाही ते मान्य आहे.

उजव्या डोळ्याखालचे जेल मात्र अजून जागेवर आहे. तिथे सूज आली नाही, निळसरपणाही नाही. समोरून दोन्ही डोळे सारखे दिसतात. खिडकीपाशी बाजूने उजेड आला की डावी खाच उजवीपेक्षा खोल आहे हे माझ्या लक्षात येते. डावीकडे पुन्हा थोडे भरावे किंवा उजवीकडचेही विरघळवावे, असे दोन पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवले आहेत. पुढच्या महिन्यात भेट आहे आणि मी उजवीकडचे विरघळवून घेणार आहे.