फॅनची घरघर होती, बिल लावलं ८,७०० रुपयांचं

सोलापुरात ज्यांच्या घरी, दुकानात, कारखान्यात कॉम्प्युटर आहे त्यांनी हे वाचाच. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत आणि ऑफिस मागांना लागूनच. सुताचे तंतू हवेत कायम उडत असतात, ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये जाणारच. मे महिन्यात आतल्या फॅनची घरघर सुरू झाली. त्यात आपल्याकडचं ऊन. फॅन पूर्ण वेगाने फिरायचा आणि आवाज बाहेरच्या मागांवर मात करायचा. २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं, म्हणून घाईने माणूस बोलावला.

त्याने कॅबिनेटचं झाकणसुद्धा काढलं नाही. वरून हात ठेवला आणि म्हणाला, "काकू, बोर्ड गेलाय बघा. आज नाही बदललं तर डेटा पण जातोय की."

त्या क्षणी स्क्रीनवर माझं बिल उघडं होतं. अर्धं टाइप करून झालं होतं! बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो. तोच गेला असेल तर बिल दिसतंय कसं, एवढा एक प्रश्न विचारला असता तर तो तिथेच उघडा पडला असता. हे आठवलं की आजही अंगाची आग होते. पण वर्षभराचा हिशेब जाणार म्हटल्यावर कुणाला सुचतं? मुलगा पुण्याला, विचारायला घरात कुणी नाही. ही माणसं नेमकं तिथेच बोट ठेवतात.

बोर्ड ५,२००, फॅन १,८५०, प्रोसेसरवर लावायची पेस्ट ४५०, मजुरी १,२००. एकूण ८,७०० रोख. जुना बोर्ड मागितला तर "तो कंपनीला परत जातो" म्हणाला. जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका.

थोड्याच दिवसांत तीच घरघर पुन्हा. भाच्याने झाकण उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांत सुताचा थर नमद्यासारखा तसाच बसलेला. बोर्ड बदलायला हीटसिंक काढावंच लागतं, मग हा थर शाबूत कसा? बोर्डावरचा सीरियल नंबर आमच्या खरेदीच्या बिलाशी तंतोतंत जुळला. म्हणजे काहीच बदललं नव्हतं. फॅनच्या मधल्या स्टिकरखाली नुसतं तेल सोडलं होतं, त्याने आवाज काही दिवस दबतो, एवढंच. वर ४ जीबीच्या दोन रॅमपैकी एक गायब! कॉम्प्युटर बाहेर देण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती आहे, रॅमचे किती स्लॉट भरलेत, याचा फोटो काढून ठेवा. बोर्डाच्या नंबराचाही.

भाच्याने विजेची वायर काढून, फॅनची पाती बोटाने धरून ब्रशने थर काढला. फॅन हाताने फिरवला तर अडखळत होता, म्हणजे बेअरिंग झिजलेलं. नवा फॅन ४८० रुपयांना आला आणि आवाज बंद. कधी कधी तर आतली एखादी वायर पात्यांना घासत असते, तिथे तेवढाही खर्च नाही. आणि प्रोसेसर तापला तर तो आधी स्वतःच मंद होतो, नाहीतर मशीन बंद पडतं. फॅनच्या आवाजावरून बोर्ड गेला म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पोलीस ठाण्यात गेले. "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." अहो, रॅम काढून घेतली ती चोरी नाही का? त्यावर उत्तर, "तुमच्याकडे पुरावा काय?" पावती दाखवली तर कच्ची म्हणून बाजूला सरकवली. एकाने साहेबांना भेटा सांगितलं, साहेब बंदोबस्तावर. लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत. रक्कम लहान म्हणून हसतात! ८,७०० रुपये आमच्याकडे मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या कित्येक दिवसांची मजुरी आहे. फसवणारा दुकानात निवांत बसलाय आणि आम्हीच गुन्हेगारासारखे बाकावर.

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. जीएसटी नंबर असलेली पक्की पावती मात्र आधीच मागा, माझं तिथेच अडलंय. तुमच्याकडेही अशी कच्ची पावती असेल तर फाडू नका, खाली कळवा. तक्रारी एकत्र गेल्या तर त्यांना आमच्याकडे बघावंच लागेल.