लिनक्सचा बाँडिंग ड्रायव्हर : भरवशाचा, पण पाहतो फक्त पहिली केबल

सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट आहेत, रॅकमध्ये दोन स्विच आहेत, आणि एखादी केबल, कार्ड किंवा स्विच गेला तरी सेवा चालू राहावी एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी वेगळे काही विकत घ्यायला नको. लिनक्स कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) बाँडिंग ड्रायव्हर हेच काम करतो. तो दोन पोर्ट जोडून एकच पोर्ट दाखवतो, त्यालाच बाँड म्हणतात. डोनाल्ड बेकर यांच्या ‘बेओवुल्फ’ नावाच्या पॅचेसमधून (कर्नलमधल्या बदलांमधून) तो २.० कर्नलच्या काळात आला. पुढे २०१२ साली ३.३ कर्नलमध्ये त्याच कामाचा टीम नावाचा दुसरा ड्रायव्हर आला, तेव्हा बाँडिंग आता मागे पडणार असे बऱ्याच जणांना वाटले. झाले उलटे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ९व्या आवृत्तीत टीमिंग कालबाह्य ठरले आणि १०व्या आवृत्तीतून ते काढूनच टाकले. त्यामुळे नवीन सर्व्हरवर टीम लावू नका आणि जुन्यावर असेल तर बाँडवर आणा.

आमचे मत आधीच सांगतो. ड्रायव्हर अतिशय भरवशाचा आहे. त्याची एकच खोट आहे, पण ती मोठी आहे. नेहमीच्या सेटिंगवर तो फक्त सर्व्हरपासून स्विचपर्यंतच्या केबलकडे पाहतो. स्विचच्या पुढे रस्ता तुटला तरी त्याच्या लेखी सगळे ठीक असते.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे ते पाहा. एकाच ड्युअल-पोर्ट कार्डावरचे दोन्ही पोर्ट जोडले, तर केबल आणि स्विचपुरते संरक्षण मिळते. कार्डाची चिप किंवा स्लॉट बिघडला की दोन्ही पोर्ट एकदमच जातात. एक पोर्ट मदरबोर्डवरचा आणि दुसरा स्वतंत्र कार्डावरचा, ही जोडी सगळ्यात चांगली. मात्र नवीन पीसीआय कार्ड बसवल्यावर बसचे क्रमांक सरकू शकतात. कालपर्यंत ‘ईएनपी३एस०’ असलेला पोर्ट आज ‘ईएनपी४एस०’ होतो आणि बाँडला त्याचा एक पाय सापडत नाही. म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये पोर्टची ओळख त्याच्या कायमच्या मॅक ॲड्रेसवरून (हार्डवेअर पत्त्यावरून) ठेवावी.

ड्रायव्हरमध्ये ० ते ६ असे सात मोड आहेत. ‘एक गेला की दुसरा’ एवढेच हवे असेल तर मोड १, म्हणजे ॲक्टिव्ह-बॅकअप. स्विचवर काहीही सेटिंग लागत नाही, दोन स्विच एकमेकांना ओळखत नसले तरी चालते, आणि चूक करायला जागाच कमी आहे. मोड लिहायचा विसरला तर मात्र ड्रायव्हर मोड ०, म्हणजे बॅलन्स-आरआर, घेतो. त्यात एक पॅकेट या केबलवरून आणि पुढचे त्या केबलवरून जाते, स्विचवर पोर्ट एकत्र बांधलेले नसतील तर एकच मॅक ॲड्रेस दोन्हीकडे उड्या मारताना दिसतो, आणि टीसीपीची पॅकेट्स क्रम सोडून पोहोचतात.

जोडणी करताना आयपी ॲड्रेस, गेटवे आणि डीएनएस फक्त बाँडवर द्यायचे. पोर्टवर काहीही ठेवायचे नाही, डीएचसीपीसुद्धा (पत्ता आपोआप घेणे) नाही. नेटवर्कमॅनेजर (लिनक्सवरचे नेटवर्क सेटिंगचे साधन) वापरत असाल तर आधी बाँडचे प्रोफाइल करा आणि मग प्रत्येक पोर्टसाठी इथरनेट प्रोफाइल करून ते बाँडखाली घाला. इथे दोन ठिकाणी अडायला होते. पोर्टचे जुने प्रोफाइल तसेच राहिले, तर रीबूटनंतर तेच पोर्ट पकडते आणि बाँड रिकामा राहतो. ते डिलीट करा किंवा त्याचे ऑटोकनेक्ट बंद करा. दुसरे म्हणजे बाँडचे प्रोफाइल हाताने वर आणले तरी पोर्टची प्रोफाइल्स त्याच्यामागे आपसूक येत नाहीत. त्यासाठी बाँडवर ‘ऑटोकनेक्ट-स्लेव्ह्ज’ १ करावे लागते. नव्या आवृत्तीत त्याचेच नाव ‘ऑटोकनेक्ट-पोर्ट्स’ आहे.

उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये (तिथल्या नेटवर्क सेटिंगच्या साधनात) ‘एमआयआय-मॉनिटर-इंटरव्हल’, म्हणजे केबलवरचा सिग्नल किती वेळाने तपासायचा ते, स्वतः लिहिलेच पाहिजे. त्याची मूळ किंमत ० आहे, म्हणजे लिंकची तपासणी बंद. असा बाँड रोजच्या वापरात व्यवस्थित चालतो आणि केबल निघाल्यावर मेलेल्या पोर्टवरच पॅकेट्स पाठवत बसतो. १०० लिहा, एकक मिलिसेकंद आहे. शिवाय ‘नेटप्लॅन ट्राय’ १२० सेकंदांत जुने सेटिंग परत आणते या भरवशावर राहू नका, कारण बाँडचे पॅरामीटर्स त्याला मागे घेता येत नाहीत. एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) बाँड उभारताना जोडणी तुटणारच असे धरून चाला आणि आयपीएमआय (सर्व्हर दुरून हाताळण्याची स्वतंत्र सोय) किंवा प्रत्यक्ष कन्सोल हाताशी ठेवा.

आता त्या खोटीकडे येऊ. १०० मिलिसेकंदांची एमआयआय तपासणी कार्डाला एवढेच विचारते की केबलवर सिग्नल आहे का. समजा स्विचची वरच्या स्विचकडे जाणारी अपलिंक तुटली. सर्व्हरच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, बाँड तिथून हलत नाही आणि सर्व्हर जगापासून तुटतो, तेही शेजारचा दुसरा पोर्ट धडधाकट असताना. याला उपाय एआरपी तपासणीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राला ‘आहेस का’ असे विचारून उत्तराची वाट पाहण्याचा. ‘एआरपी इंटरव्हल’ १००० मिलिसेकंद ठेवा आणि ‘एआरपी आयपी टार्गेट’मध्ये गेटवेचा पत्ता द्या. ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही की ड्रायव्हर तो पोर्ट बाद धरतो. बदल व्हायला दोन-तीन सेकंद लागतात, एमआयआयइतका तो झटपट नाही. पण तुटलेला रस्ता त्याला दिसतो, आणि आमच्या मते ही किंमत मोजण्याजोगी आहे.

टार्गेट एकच देऊ नका. ते यंत्र रीबूट झाले की ड्रायव्हरच्या नजरेत दोन्ही पोर्ट मेलेले असतात. गेटवे आणि त्याच सबनेटमधले आणखी एखादे कायम चालू असणारे यंत्र, असे दोन पत्ते तरी द्या. १६पर्यंत देता येतात. ‘एआरपी व्हॅलिडेट’ला ‘ऑल’ ही किंमत द्या, नाहीतर त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कुणाची रहदारी पाहूनही पोर्ट जिवंत समजला जातो. एमआयआय आणि एआरपी या दोन्ही तपासण्या एका वेळी चालत नाहीत, तेव्हा एआरपी लावली की एमआयआयची ओळ काढा. मोड ४, ५ आणि ६ मध्ये एआरपी तपासणी मिळतच नाही. ॲक्टिव्ह-बॅकअप आम्हाला जास्त पटतो त्याचे हेही एक कारण.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट पोर्ट जातो तेव्हा घडत नाही, तो परत येतो तेव्हा घडते. ‘प्रायमरी’ म्हणून एक पोर्ट नेमला असेल, तर ‘प्रायमरी रिसिलेक्ट’ची मूळ किंमत ‘ऑलवेज’ असते: मुख्य पोर्ट परत आला की लगेच त्याच्यावर जा. आता एमआयआय तपासणी चालू असताना मुख्य स्विच रीबूट झाला असे धरा. तो गेला तेव्हा बाँडने दुसरा पोर्ट नीट पकडला. स्विच परत उठला, सिग्नल आला आणि बाँड लगेच त्याच्याकडे वळला. पण स्विचच्या पोर्टवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कात चक्र होऊ न देणारा प्रोटोकॉल) चालू असेल, तर ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ अशी ३० सेकंदे तो एकही पॅकेट पुढे सोडत नाही. स्विच बिघडला तेव्हा सेवा अर्धा सेकंदही थांबली नाही आणि दुरुस्त झाल्यावर अर्धा मिनिट थांबली! स्विचवर सर्व्हरचे पोर्ट एज किंवा पोर्टफास्ट (ही वाट न पाहणारे) करा आणि ‘प्रायमरी रिसिलेक्ट’ला ‘फेल्युअर’ द्या, म्हणजे चालू पोर्ट खरोखर पडेपर्यंत बाँड हलणार नाही. एमआयआय तपासणीच वापरत असाल तर ‘अपडिले’ही (परत आलेला पोर्ट वापरण्याआधी थांबायचा वेळ) वाढवता येतो, तो एमआयआयच्या अंतराच्या पटीत हवा, नाहीतर ड्रायव्हर खालच्या पटीत उतरवतो.

स्विचवर पोर्ट सिक्युरिटी (कोणत्या पोर्टवर कोणता मॅक ॲड्रेस चालेल याचे बंधन) असेल तर तेही नेटवर्कवाल्यांशी आधी बोलून घ्या. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये दोन्ही पोर्ट एकच मॅक ॲड्रेस वापरतात. बदल झाला की तोच ॲड्रेस दुसऱ्या पोर्टवर दिसतो आणि कडक नियम असलेला स्विच तो पोर्ट बंद करून टाकतो.

रिडंडन्सीबरोबर वेगही हवा असेल तर मोड ४, म्हणजे एलएसीपी. त्यात सर्व्हर आणि स्विच एकमेकांना संदेश पाठवून केबली एकत्र बांधतात. यात स्विचवरही पोर्ट-चॅनेल (एकत्र बांधलेल्या पोर्टचा गट) करावे लागते. दोन वेगळ्या स्विचमध्ये केबली लावायच्या असतील तर ते स्टॅक केलेले किंवा एमएलएजीसारख्या (दोन स्विच एकच असल्यासारखे वागवणाऱ्या) व्यवस्थेने जोडलेले हवेत. नाहीतर एका वेळी एकाच स्विचकडची केबल कामाला येते. वेगाबद्दलचा गैरसमज इथे फार पसरलेला आहे. १ गिगाबिटच्या दोन केबली जोडल्या म्हणून एका फाइलची कॉपी २ गिगाबिटने होत नाही. एक टीसीपी जोडणी एकाच केबलवरून जाते. कोणती जोडणी कुठे जाणार ते ‘एक्समिट हॅश पॉलिसी’ ठरवते आणि तिची मूळ किंमत ‘लेअर२’ म्हणजे मॅक ॲड्रेसवर आधारलेली आहे. सगळे ग्राहक राउटरपलीकडे असतील तर सर्व्हरला समोर एकच मॅक दिसतो, म्हणून सगळी रहदारी एकाच केबलवर आणि दुसरी रिकामी. ‘लेअर३+४’ केले की टीसीपीचे पोर्ट क्रमांकही हिशेबात येतात आणि वाटणी सुधारते. हे फक्त सर्व्हरकडून जाणाऱ्या रहदारीपुरते. येणारी रहदारी कशी वाटायची ते स्विचचे स्वतःचे हॅशिंग ठरवते.

‘एलएसीपी रेट’ मुळात ‘स्लो’ असतो, म्हणजे ३० सेकंदांनी एक संदेश. केबल तुटलेली नसून फक्त पलीकडची बाजू गोठली असेल, तर ते कळायला ९० सेकंद लागतात. ‘फास्ट’ केल्यावर दर सेकंदाला संदेश येतो आणि ३ सेकंदांत उलगडा होतो. नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची असेल तर लक्षात ठेवा: बूटच्या वेळी सर्व्हर एलएसीपी बोलत नाही आणि काही स्विच अशा वेळी पोर्ट थांबवून ठेवतात. स्विचवर एलएसीपी फॉलबॅक चालू करा, म्हणजे एलएसीपी नसतानाही पोर्ट चालेल.

मोड ५ आणि ६ स्विचच्या मदतीविना वाटणी करतात, पण ६ एआरपी उत्तरे बदलून खेळतो. केव्हीएमसाठी (लिनक्सवरच्या आभासी यंत्रांसाठी) बाँडवर ब्रिज ठेवायचा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

चाचणी कमांडने पोर्ट खाली आणून करू नका. ती खरी बिघाडाची नक्कल नव्हे. बाहेरच्या यंत्रावरून ०.२ सेकंदांच्या अंतराने पिंग चालू ठेवा आणि केबल हाताने काढा. मग परत लावा आणि एक मिनिट थांबा, कारण परतीचा दोष तेव्हाच दिसतो. नंतर स्विचची अपलिंक काढून तेच करा. प्रत्येक वेळी ‘/proc/net/bonding’ या फोल्डरातली बाँडच्या नावाची फाइल वाचा: चालू स्लेव्ह (बाँडमधला पोर्ट) कोणता, प्रत्येकाचा एमआयआय स्टेटस काय, लिंक फेल्युअर काउंट किती. एलएसीपीत दोन्ही पोर्टचा ॲग्रिगेटर आयडी (गटाचा क्रमांक) एकच हवा. पार्टनर मॅक (समोरच्या बाजूचा पत्ता) सगळी शून्ये दिसत असेल तर समोरचा स्विच एलएसीपी बोलतच नाही.

ही फाइल एकदा वाचून भागत नाही. एक पाय मेला तरी सेवा चालूच राहते, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग दुसराही जातो. प्रोमीथियस (देखरेखीचे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याचा नोड एक्सपोर्टर बाँडमध्ये एकूण किती स्लेव्ह आहेत आणि त्यांतले किती चालू आहेत, असे दोन आकडे देतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी झाला आणि ५ मिनिटे तसाच राहिला, की अलर्ट जाईल असा नियम बाँड उभारला त्याच दिवशी लावा.