उत्तरेकडच्या गावांची वीज: ऊन, नदी की वारा? कुठल्या कंपनीत जावं?

माझा भाचा कॅनडात एडमंटनला ऊर्जा अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण संपवतोय. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "मामा, दोन छोट्या कंपन्यांकडून बोलावणं आलंय. एक सोलर-बॅटरीवाली आणि एक नदीत टर्बाइन सोडणारी. दोघीही म्हणतात, उत्तरेकडच्या गावांचं डिझेल कमी करायचंय. कुठे जाऊ, तू सांग."

मी लगेच काही बोललो नाही. वीज वितरणात वीस-बावीस वर्षं काढली असली तरी अलास्का आणि उत्तर कॅनडा हा माझा प्रांत नव्हे. पुढचे तीन रविवार वाचत बसलो आणि त्याच्यासाठी टिपण काढलं. त्याच्यासारखी आणखी मुलं तिकडे असतील, म्हणून ते इथे मांडतोय.

आधी तिथली परिस्थिती समजून घ्यायला हवी. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर आगोट भरतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण, सगळं चार महिन्यांचं एकदम. उत्तरेकडची गावं अशी आगोट वर्षाची भरतात आणि तिच्यात सगळ्यात मोठा वाटा डिझेलचा असतो. बर्फ वितळून पाणी मोकळं झालं की त्या दोन-तीन महिन्यांत जहाज किंवा बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) येतं, गावाच्या टाक्या भरतं आणि जातं. नुनावुत या कॅनडाच्या प्रदेशात 25 वस्त्या आहेत. पंचवीसच्या पंचवीस डिझेलवर चालतात आणि एकीची तार दुसरीला जोडलेली नाही. अलास्कातही शेकडो गावांची हीच कथा. रस्ता नाही, ग्रिड नाही. जनरेटर बंद पडला तर उणे चाळीसमध्ये गाव अंधारात आणि तासाभरात नळ गोठायला सुरुवात.

दुसरी गोष्ट आपण उष्ण प्रदेशातली माणसं सहज विसरतो. तिथे विजेपेक्षा उबेला जास्त इंधन लागतं. घरातला दिवा हा खर्चाचा लहान भाग असतो, मोठा भाग शेगडीत जळतो. त्यामुळे कुठलीही कंपनी फक्त किलोवॅट सांगत असेल, तर अर्धाच हिशेब सांगत असते.

ऊन आणि बॅटरी

सध्या सगळ्यात वेगाने पसरणारा मार्ग हाच. अलास्काच्या वायव्येला कोबुक नदीकाठी शुंगनाक आणि कोबुक ही इनुपियाक या आदिवासी लोकांची दोन गावं तारेने एकमेकांना जोडलेली आहेत. दोन्ही मिळून वस्ती साडेचारशेच्या आसपास. पूर्वी बार्ज नदीतून वर यायचं. आता पाणी इतकं उथळ झालंय की डिझेल विमानाने आणावं लागतं, म्हणजे खर्च आणखी चढतो. 2021 मध्ये इथे 225 किलोवॅटचे सोलर पॅनेल आणि 384 किलोवॅट-तासाची बॅटरी बसली. बॅटरी हवाईच्या ब्लू प्लॅनेट एनर्जीची, तर ऊन, बॅटरी आणि डिझेल यांची सांगड घालणारा कंट्रोलर कोलोरॅडोच्या अजेटो एनर्जीचा. उन्हाळ्यात आता तिथले डिझेल इंजिन तासन्‌तास पूर्ण बंद ठेवता येतात. अंदाज आहे वर्षाला 25 हजार गॅलन, म्हणजे सुमारे 95 हजार लिटर डिझेल वाचण्याचा.

कॅनडाच्या युकॉनमध्ये ओल्ड क्रो हे आर्क्टिक वृत्ताच्या वरचं, अडीचशे वस्तीचं गाव. तिथेही विमानाशिवाय पोचता येत नाही. वुंटुट ग्विचिन या तिथल्या आदिवासी लोकांच्या सरकारने 2021 मध्ये 2,160 पॅनेलचा प्रकल्प सुरू केला. पॅनेलची तोंडं दक्षिणेला न करता पूर्व आणि पश्चिमेला केली आहेत, कारण उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, आकाशात गोल फिरत राहतो. वर्षाला 1 लाख 89 हजार लिटर डिझेल वाचावं असा हिशेब आहे.

उणी बाजू उघड आहे. डिसेंबरात ओल्ड क्रोला सूर्य क्षितिजावर येत नाही. त्या काळात पॅनेल शून्य. पण मार्च-एप्रिलमध्ये थंडी कडक असते, आकाश निरभ्र असतं, जमिनीवरचा बर्फ ऊन परावर्तित करतो आणि पॅनेल गार असल्यामुळे जास्त वीज देतात. हे ऐकून भाचा चकित झाला होता. बॅटरीचं मात्र सांभाळावं लागतं. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही, म्हणून तिची खोली गरम ठेवायला आधी थोडी ऊर्जा द्यावी लागते.

तरी मी या मार्गाला वरचं स्थान देतो, आणि ते मशीनमुळे नाही. पैशाच्या व्यवस्थेमुळे देतो.

अलास्का सरकार महाग विजेच्या गावांना घरगुती बिलावर सवलत देतं. पॉवर कॉस्ट इक्वलायझेशन असं तिचं नाव, 1980 च्या दशकापासून चालू आहे. गरीब घरांना तिचा मोठा आधार आहे. पण तिचा हिशेब असा की वीज कंपनीचा इंधनखर्च कमी झाला की सवलतही तेवढी कमी होते. म्हणजे गावाने खटपट करून पवनचक्की लावली, डिझेल वाचवलं, तरी घराच्या बिलात फरक जेमतेम. शाळा आणि दुकानं पूर्ण दर भरतात, त्यांना काही मिळतं. बाकीच्यांनी उत्साह कशाच्या बळावर टिकवायचा?

शुंगनाक-कोबुकने यातून वाट काढली. पॅनेल आणि बॅटरीची मालकी गावांच्या आदिवासी परिषदांकडे आहे. त्या स्वतंत्र वीज उत्पादक म्हणून अलास्का व्हिलेज इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्हला वीज विकतात. ही पन्नासहून अधिक गावांची सहकारी वीज संस्था आहे, आपल्याकडे नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा होती त्याच जातीची. जे पैसे डिझेलवाल्याकडे जायचे ते आता गावच्या खात्यात येतात. ओल्ड क्रोनेही तेच केलं: प्रकल्प गावाचा, वीज घेणार आटको ही वीज कंपनी, करार 25 वर्षांचा. कुठल्याही कंपनीच्या मुलाखतीला जाताना मी भाच्याला पहिला प्रश्न हाच विचारायला सांगितलाय: तुमच्या प्रकल्पात मीटरच्या पलीकडचे, म्हणजे विकलेल्या विजेचे, पैसे कोणाला जातात?

नदीतलं टर्बाइन

हे मशीन मला मनापासून आवडलं. अमेरिकेच्या मेन राज्यातली ओआरपीसी नावाची कंपनी ते बनवते. अलास्कात इगिउगिग नावाचं सत्तर माणसांचं गाव आहे, इलियाम्ना तलावातून क्विचॅक नदी जिथे बाहेर पडते त्याच जागी. 2014 आणि 2015 मध्ये तिथे चाचण्या झाल्या आणि 2019 च्या उन्हाळ्यात रिव्हजेन हे टर्बाइन नदीत उतरलं. धरण नाही, बंधारा नाही. दोन लांब पोकळ तराफ्यांवर पिळदार पात्यांचं आडवं चक्र बसवलेलं. होडीने ओढत जागेवर न्यायचं, तराफ्यांत पाणी भरायचं की ते तळाला जाऊन बसतं. दुरुस्तीच्या वेळी हवा भरली की पुन्हा वर. नदी रात्री थांबत नाही आणि तलावातून निघालेली असल्यामुळे हिवाळ्यातही वाहते. सूर्याची जी अडचण आहे ती इथे नाही.

पण क्षमता 35 किलोवॅटच्या आसपास. इतक्या छोट्या गावाला ती पुष्कळ आहे, पाचशे वस्तीच्या गावाला नाही. शिवाय क्विचॅक ही सॉकाय सॅमन माशाची जगप्रसिद्ध नदी. गावाचं पोट त्या माशावर. म्हणून पाण्याखाली कॅमेरे लावून मासे पात्यांजवळून कसे जातात ते पाहिलं गेलं. थंडीत पाण्यात तरंगणारा चिखलासारखा बर्फ होतो, तोही यंत्राला झेलावा लागतो. ह्या प्रकल्पाचा परवाना गावच्या परिषदेने स्वतःच्या नावावर घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं.

भाच्यासाठी माझं मत: शिकायला ही सगळ्यात समृद्ध जागा. पाणी, बर्फ, मासे, परवाने, सगळं एका मशीनभोवती. पण अशी नदी प्रत्येक गावाला नसते. पाच वर्षांत तू दोन-तीन गावांपलीकडे जाशील असं धरू नकोस.

वारा, आणि वाऱ्यातून ऊब

हा पर्याय त्याच्या यादीत नव्हता, मी घातला.

कॉट्झब्यू हे अलास्कातलं तीन हजार वस्तीचं गाव आर्क्टिक वृत्ताच्या वर आहे. तिथल्या वीज सहकारी संस्थेने 1997 मध्ये पहिल्या पवनचक्क्या उभ्या केल्या, 2012 मध्ये 900 किलोवॅटच्या दोन मोठ्या. पुढे बॅटरी आली आणि 2020 मध्ये सोलर. एकेका यंत्राची सवय करून घेत, वीस-पंचवीस वर्षं. त्या संस्थेचा प्रवास वाचताना जाणवतं की तिथल्या लाइनमनच्या हातात जे ज्ञान साठलंय ते बाहेरून आणता येत नाही.

पण जवळून पाहण्यासारखी गोष्ट आहे ती दक्षिणेकडे, कुस्कोक्विम नदीच्या मुखापाशी. काँगिगनाक, क्विगिलिंगॉक, टुंटुटुलियाक ही युपिक या आदिवासी लोकांची गावं. 2005 मध्ये या परिसरातल्या गावांनी मिळून चॅनिनिक विंड ग्रुप केला आणि अलास्कातल्या अँकरेज शहराच्या इंटेलिजंट एनर्जी सिस्टिम्स या छोट्या कंपनीला सोबत घेतलं. पवनचक्क्या 95 किलोवॅटच्या, विंडमॅटिक बनावटीच्या, दुरुस्त करून नव्या केलेल्या. त्यात नवल काही नाही. नवल आहे ते घरांतल्या शेगडीत.

बाहेरून ही शेगडी म्हणजे बैठकीच्या खोलीतली एक जाड पेटी, आपल्याकडच्या जुन्या कोठीएवढी. आत ओळीने रचलेल्या सिरॅमिकच्या विटा आणि विटांमधून विजेची तार. रात्री वारा सुटला की गावाच्या गरजेपेक्षा जास्त वीज तयार होते. एरवी ती वाया गेली असती. कंट्रोलर ती या विटांकडे वळवतो, विटा तापून लाल होतात, आणि दुसऱ्या दिवशी वारा पडला तरी पेटीतला छोटा पंखा ती ऊब हळूहळू घरात सोडत राहतो. शेगडीच्या विजेचं मीटर वेगळं, दरही वेगळा आणि रॉकेलपेक्षा स्वस्त. बॅटरीचं काम विटांनी केलं. वीट सडत नाही, थंडीत कुरकुरत नाही आणि तिच्यासाठी परदेशातून पार्ट मागवावा लागत नाही.

आणि वारा हिवाळ्यात जास्त वाहतो, म्हणजे गरज असते तेव्हाच. उन्हाचं गणित नेमकं उलटं आहे. सवलतीच्या पेचातूनही ही शेगडी सुटते, कारण वाचलेलं रॉकेल थेट घरातल्या माणसाच्या खिशातून वाचतं.

कठीण काय? पाया. जमिनीखालचा कायमचा बर्फ आता वितळतोय, मनोरा झुकू नये म्हणून खोलवर खांब ठोकावे लागतात. क्रेन बार्जने येते. पात्यांवर बर्फ चढतो. गिअरबॉक्स गेला आणि बार्जचा हंगाम चुकला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पातं हलत नाही.

छोटी अणुभट्टी

यावर थोडंच. युकॉन नदीकाठच्या गलीना गावाला तोशिबाच्या 10 मेगावॅटच्या छोट्या अणुभट्टीची स्वप्नं 2000 नंतरच्या दशकात दाखवली गेली. ती कधीच आली नाही. गलीनाने शेवटी आसपासचं लाकूड तोडून, बारीक करून बॉयलरमध्ये जाळायला सुरुवात केली. त्यावर तिथली निवासी शाळा गरम राहते आणि लाकूडतोडीचा रोजगार गावात राहतो. ज्याला आत्ता गावात काम करायचंय त्याने अणुभट्टीच्या मागे लागू नये.

दुरुस्ती

आमच्या आजोळी, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत, दहा-बारा वर्षांपूर्वी एका संस्थेने घरोघरी सोलरचे संच दिले होते. उद्घाटन झालं, फोटो झाले. बॅटरीत पाणी घालायचं असतं हे कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटऱ्या मेल्या. मी गेलो तेव्हा मामीने पॅनेल अंगणात आडवं टाकलं होतं आणि त्यावर आमसुलं वाळत होती. त्या पॅनेलमध्ये काहीही बिघाड नव्हता. मी मीटर लावून पाहिलं, पूर्ण व्होल्टेज होतं. ते दृश्य अजून मनातून जात नाही.

म्हणून मला अँकरेजच्या 60 हर्ट्‌झ एनर्जीचं काम महत्त्वाचं वाटतं. ही कंपनी मशीन बनवत नाही. गावच्या पॉवरहाऊसमधल्या ऑपरेटरला तेल कधी बदलायचं, कुठला फिल्टर संपत आलाय, काय तपासायचं हे सांगणारं ॲप बनवते, आणि ते इंटरनेट नसतानाही चालतं. अशा कामाचे फोटो कोणी काढत नाही. पण वर सांगितलेली तिन्ही तंत्रं याच्यावर तगतात.

मग निवड काय?

भाच्याला मी असं सांगितलं. लवकर बरीच गावं पाहायची असतील तर सोलर-बॅटरी, पण मालकी गावाची असेल तरच. ती कंपनीची असेल तर नको. यंत्राच्या पोटात शिरायचं असेल आणि संथ वेग चालत असेल तर नदी. मला स्वतःला वय पंचवीस असतं तर मी वाऱ्याची आणि विटांची वाट धरली असती, कारण ती थंडीच्या मूळ दुखण्याला हात घालते. त्याने त्या दोन कंपन्यांसोबत अशा कामाचाही शोध घ्यावा. अँकरेजची लाँच अलास्का ही संस्था या क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांना गावांशी आणि वीज संस्थांशी जोडून देते. तिथून सुरुवात करता येईल.

दोन्ही कंपन्यांना विचारायला त्याला तीन प्रश्न लिहून दिलेत. तुमचं सगळ्यात जुनं मशीन किती हिवाळे चाललंय? गावात पगारावर ठेवलेली माणसं किती आहेत, आणि त्यांच्यातला कोणी एकट्याने ते उघडून पुन्हा बसवू शकतो का? वाचलेल्या लिटरचे पैसे कुठे जमा होतात?

सोलरवाल्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं, तिन्ही प्रश्नांचं, आणि सोबत गावातल्या ऑपरेटरशी फोनवर बोलायची वेळही. नदीवाल्यांनी उन्हाळ्यात प्रत्यक्ष येऊन बघ म्हटलंय. बार्जच्या हंगामाआधी त्याला कळवायचंय, म्हणजे मे अखेरपर्यंत.