रिपोर्टमधले लाल आकडे आणि माझे ५४,१९९ रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. आकड्यांशी रोजचा संबंध असलेली नोकरी करतो. बँकेच्या नावाने येणारे फोन दोन वाक्यांत कापतो. तरी ५४,१९९ रुपये घालवून बसलो, आणि ते कोणी चोरले नाहीत, मी स्वतः कार्ड काढून दिले. हे लिहायला लाज वाटते. पण माझ्यासारखी कितीतरी पोरं रोज आरशासमोर भांग तपासत उभी असतात आणि घरबसल्या रक्त तपासून वर गोळ्या विकणारी ही मंडळी नेमकी त्यांच्याच मागे लागली आहेत, म्हणून लिहितोय.

वय २७. चार-पाच महिने अंगात त्राण नव्हतं. आठ तास झोपूनही दुपारी डोळे मिटायचे, जिना चढताना धाप लागायची. आणि केस. उशीवर, टॉवेलवर, बाथरूमच्या जाळीवर. असं झालं की माणूस डॉक्टरकडे जात नाही, रात्री एक वाजता फोन घेऊन बसतो. मीही तेच केलं. एका कंपनीची जाहिरात दिसली: ७२ चाचण्या, घरी येऊन रक्त नेणार, सोबत 'तज्ज्ञांचा सल्ला' मोफत, ४,९९९ रुपये. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

रक्त संध्याकाळी पाच वाजता नेलं. ही वेळ लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. २२ पानं, पहिल्याच पानावर माणसाच्या शरीराचं चित्र आणि त्यावर १९ लाल ठिपके. तासाभरात 'सिनियर हेल्थ काउन्सेलर' बाईंचा फोन. आवाजात इतकी काळजी की घरचं कोणी बोलतंय असं वाटावं. "सर, सत्तावीस वर्षांच्या मुलाचं टेस्टोस्टेरॉन असं नसतं."

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन. माझा आकडा होता ३४१. त्याच्यापुढे बारीक, करड्या अक्षरांत लॅबची रेंज, २६४ ते ९१६. आणि तिच्या शेजारी ठळक अक्षरांत दुसरा रकाना, 'आदर्श पातळी ६५० ते ९००'. त्या दुसऱ्या रकान्यामुळे माझा आकडा लाल. मी दोन्ही रकाने वाचले होते. विचारलंसुद्धा, "मॅडम, हे रेंजमध्ये आहे ना?" त्या म्हणाल्या, "सर, रेंज म्हणजे फक्त आजारी नाही एवढंच. तुम्हाला एवढंच पुरतं का?" आणि मी गप्प बसलो. तो 'आदर्श' रकाना कुणी ठरवला, कशावरून ठरवला, हा एक प्रश्न तोंडातून निघाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. नाही निघाला. पाच महिने थकलेल्या माणसाला कारण हवं असतं, आणि त्या बाई कारण देत होत्या.

नंतर जे कळलं ते इथेच सांगतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून ते सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी तपासतात, आणि कमी आलं तर वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय कमी म्हणत नाहीत. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित हार्मोन, तेही सकाळी वर आणि संध्याकाळी खाली असतं. माझं संध्याकाळचं कॉर्टिसॉल त्यांनी सकाळच्या रेंजशी ताडून लाल केलं आणि 'तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) थकल्यात' असं सांगितलं. असा कुठला आजार वैद्यकशास्त्र मानतच नाही. डीएचटी, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं हार्मोन, लाल होतं, तेही तसंच. टक्कल पडण्याचं निदान रक्तातल्या डीएचटीवरून होत नाही, टक्कल पडतं ते केसांची मुळं त्या हार्मोनला आनुवंशिकतेने हळवी असतात म्हणून. शिवाय रेंज साधारणपणे निरोगी लोकांपैकी ९५ टक्के बसतील अशी आखतात. म्हणजे ठणठणीत माणसाच्याही वीस चाचण्यांत एखादी बाहेर जाणारच. ७२ चाचण्या करा, काहीतरी लाल मिळणारच. त्यांचा सगळा धंदा यावर उभा आहे.

त्या फोनवरच १८,५०० रुपयांचा तीन महिन्यांचा कोर्स घेतला. कॅप्सूल, पावडर, तेल.

दोन महिन्यांनी 'प्रगती तपासणी', ३,८०० रुपये. यात थायरॉइडच्या चाचणीतलं टीएसएच आलं ०.३१. आधी २.४ होतं. टी४ हे थायरॉइडचं हार्मोन वर गेलेलं. टीएसएच खाली आणि टी४ वर, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतोय असा अर्थ. बाईंचा आवाज एकदम गंभीर, "थायरॉइड वाढायला लागलाय सर, केस त्यामुळेच जातायत." २६,९०० रुपयांचं थायरॉइड पॅकेज. मी घाबरलो आणि हप्त्यांवर घेतलं. कोणीही घाबरलं असतं, आकडा खोटा नव्हता, लॅबच्या कागदावर छापलेला होता.

ताईला सांगितलं तेव्हा तिने तो २२ पानी रिपोर्ट हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाली, "लॅबची मूळ पीडीएफ दे." माझ्याकडे नव्हतीच. लॅबला तीन फोन केल्यावर मिळाली. साधी, काळीपांढरी, चार पानांची. ७२ पैकी रेंजबाहेर फक्त दोन आकडे होते.

ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "दुसऱ्या तपासणीच्या दिवशी सकाळी कॅप्सूल घेतली होतीस?" घेतली होती. त्या कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम बायोटिन, केसांच्या गोळ्यांत घालतात ते जीवनसत्त्व. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. इतकं बायोटिन रक्तात असलं की काही लॅबच्या यंत्रांत टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने, याबद्दल २०१७ मध्येच जाहीर इशारा दिला होता. कॅप्सूल बंद करून आठवड्याने तपासलं, टीएसएच २.१. माझा थायरॉइड कधीच बिघडला नव्हता. आजार त्यांच्याच कॅप्सूलने कागदावर आणला आणि त्यावरचं औषध त्यांनीच मला विकलं.

केसांसाठीच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याच्या निदान दोन दिवस आधी बंद करा, आणि घेता हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, जो तीन महिन्यांत मला कोणी विचारला नव्हता. "शौचाला रक्त जातं का?" जात होतं. सात-आठ महिने. मूळव्याध आहे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, ताई समोर बसलेली असताना तर जीभच उचलेना. तीच उठून बाहेर गेली. मग सांगितलं. त्यांनी मूळ कागदावर एका आकड्याखाली पेनाने रेघ ओढली. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, १६. लॅबची रेंज १५ पासून सुरू होत होती, म्हणून २२ पानी रिपोर्टात तो ठिपका हिरवा. शरीरातला लोहाचा साठा संपत आला होता, हिमोग्लोबिन १३.१ वर येऊन टेकलं होतं. तरुण पुरुषाचं फेरिटिन एवढं खाली असेल तर रक्त कुठून जातंय हे आधी शोधायचं असतं. ५४,१९९ रुपयांत एकाही माणसाने तो आकडा वाचला नाही, कारण लोहाची साधी गोळी विकून त्यांना काय मिळणार होतं?

केसांचं म्हणाल तर डॉक्टरांनी चिमटीत पन्नासेक केस धरून हलकेच ओढले, कपाळाच्या दोन्ही कडा बघितल्या. थोडं लोहाच्या कमतरतेमुळे असू शकतं, थोडं आनुवंशिक. आनुवंशिक भागासाठी रक्ताची चाचणीच लागत नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून म्हणाले, "पैसे तुम्हीच दिले, मालही मिळाला, मग फसवणूक कुठे?" औषध विभाग म्हणाला, हे औषध नाही, पूरक आहार आहे, अन्न विभागात जा. अन्न विभाग म्हणाला, लेबलवर लिहिलंय तेच आत आहे, आमचं काम संपलं. लॅब म्हणाली, आम्ही आकडे दिले, रंग त्यांनी लावले. बँक म्हणाली, ओटीपी तुम्ही टाकलात, हप्ते भरा. वैद्यकीय परिषदेत गेलो तर तक्रार कोणत्या डॉक्टरविरुद्ध ते लिहा म्हणाले. मी त्यांना काय लिहून देणार? २२ पानांत डॉक्टरच नव्हता. एक सही होती, खाली 'आरोग्य तज्ज्ञ', नोंदणी क्रमांक नाही. ग्राहक तक्रार केंद्राने कंपनीला मेल पाठवला, कंपनीने 'ग्राहकाचे समाधान केले आहे' असं उत्तर दिलं आणि माझी तक्रार 'निकाली' दाखवून बंद केली. मला एक फोन करून विचारायचं नाही? निकाली कोणाच्या दृष्टीने? सगळीकडे मी तीच कागदपत्रं झेरॉक्स करून दिली, सगळीकडे समोरच्याने पहिलं पान उलटून दुसरं बघितलं नाही.

म्हणून नोंदणी क्रमांक आधी मागा. नाही दिला तर फोन ठेवा. जो रिपोर्ट वाचून दाखवतो तोच गोळ्या विकत असेल तर त्याचं वाचन ऐकूच नका. कॉल रेकॉर्ड करा, मी केले नाहीत आणि आज तेच नडतंय. आणि ताप-सर्दी असताना फेरिटिन तपासू नका, शरीरात दाह असला की ते उगाच वर दिसतं आणि कमतरता झाकली जाते.

चार महिन्यांच्या लोहाच्या गोळ्यांनंतर माझं फेरिटिन ५८ आहे, मूळव्याधीवर उपचार झाले, जिना चढताना धाप लागत नाही. परत मिळालेली रक्कम शून्य. हप्ते अजून पाच बाकी आहेत. ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. दोन न उघडलेल्या बाटल्या, २२ पानी रिपोर्ट आणि लॅबची चार पानं एका पिशवीत घालून कपाटात ठेवली आहेत, तारीख मिळाली की घेऊन जाणार आहे.